राज्यपालांची बातमी हाती आली की आधी काय तपासायचं

डेस्कवर नव्याने आलेल्या मुलांना मी पहिली सवय लावते ती कलम विचारायची. 'राज्यपालांनी आपले अधिकार वापरले' असं वाक्य दिसलं की वार्ताहराला फोन करा. कोणत्या कलमाखाली, हे त्याला सांगता आलं नाही तर 'अधिकार' शब्द काढा. काय केलं तेवढंच छापा.

राज्यघटना उघडायची ती कलम 163 वर. राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचं, हा नियम. स्वेच्छाधिकार हा अपवाद, आणि तोही घटनेने दिला असेल तिथेच. एखादी बाब स्वेच्छेची आहे की नाही, यावर राज्यपालांचाच निर्णय अंतिम, असं उपकलम तिथेच खाली आहे आणि राज्यपालांची बाजू घेणारे नेमकं तेवढंच वाचून दाखवतात. त्यांना 2016 चं नबाम रेबिया प्रकरण विचारा. अरुणाचलच्या राज्यपालांनी मंत्रिमंडळाला न विचारता जानेवारीतलं अधिवेशन डिसेंबरात ओढलं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो आदेश रद्द केला.

बहुमताची बातमी असेल तर राज्यपालांसमोर कागद कोणते होते, ते बघा. बहुमत सभागृहातच तपासायचं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 1994 च्या बोम्मई निकालापासून ठरलेलं आहे. पण चाचणी कधी लावायची, यालाही मर्यादा आहे. जून 2022 मध्ये आपल्याकडे महाराष्ट्रात ठाकरे सरकारसाठी चाचणीचा आदेश निघाला, तेव्हा राज्यपालांकडच्या पत्रांत आमदारांनी सरकारचा पाठिंबा काढल्याचं कुठेच नव्हतं. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश असमर्थनीय ठरवला. पक्षांतर्गत भांडण मिटवायला बहुमत चाचणी वापरता येत नाही, असंही सांगितलं. तरी ठाकरे सरकार परत आलं नाही, कारण मुख्यमंत्र्यांनी चाचणीआधीच राजीनामा दिला होता. बातमीत हे दोन्ही हवं. अर्धंच छापलंत तर दुसऱ्या दिवशी वाचकांचे फोन तुम्हीच घ्यायचे.

विधेयकांच्या बाबतीत जुनी कात्रणं दगा देतात. एप्रिल 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या तामिळनाडू निकालातली, विधेयकावर निर्णय घेण्यासाठीची तीन महिन्यांची मुदत अजून कॉपीत येते. ती खोडा. 20 नोव्हेंबर 2025 ला घटनापीठाने मत दिलं की न्यायालय अशी मुदत घालू शकत नाही आणि 'मानीव संमती'ही (मुदत उलटली की संमती मिळालीच असं धरणं) नाही. राज्यपालांपुढे मार्ग तीन: संमती द्या, राष्ट्रपतींसाठी राखून ठेवा, नाहीतर संमती न देता विधिमंडळाकडे परत पाठवा. विधेयक नुसतं दाबून बसणं यात नाही. कारण न देता फार लांबवलं तर निर्णय घ्या, एवढं न्यायालय सांगू शकतं.

विधान परिषदेवरच्या नामनियुक्त आमदारांची फाइल असेल तर मंत्रिमंडळाची शिफारस राज्यपालांकडे कधी पोचली, ती तारीख मिळवा. नोव्हेंबर 2020 मध्ये गेलेल्या बारा नावांवर ऑगस्ट 2021 पर्यंत हालचाल नव्हती, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की वाजवी वेळेत निर्णय घेणं हे राज्यपालांचं कर्तव्य आहे. तारीख पहिल्याच परिच्छेदात घ्या.