पीएसडीमध्ये पुंजके दिसले? आधी रिकामी काच तपासा

डीस्टॉर्म (रंगरेणू लुकलुकवून एकेकाची जागा टिपणारी सुपर-रिझोल्यूशन मायक्रोस्कोपी) शिकायला बसलात म्हणजे पीएसडी-९५ (पीएसडीचं सांगाडा-प्रथिन), अँपा रिसेप्टर (ग्लुटामेटचा संदेश घेणारे) वगैरे तोंडपाठ असणारच. स्पाइनमधली (चेतापेशीच्या फांदीवरच्या बारीक उंचवट्यातली) अख्खी पीएसडी, म्हणजे सिनॅप्सच्या संदेश घेणाऱ्या बाजूचा प्रथिनांचा दाट थर, साधारण २०० ते ५०० नॅनोमीटर, आणि कॉन्फोकल मायक्रोस्कोपची मजल २००-२५० पर्यंतच. म्हणून तिथे नुसता ठिपका दिसतो. आतले ८० नॅनोमीटरच्या आसपासचे पुंजके, म्हणजे नॅनोडोमेन, २०१३ मध्ये सुपर-रिझोल्यूशनने दाखवले गेले. तुम्हालाही पहिल्याच आठवड्यात दिसतील. हुरळून जाऊ नका.

अँटिबॉडीवरच्या अलेक्सा ६४७ या चमकत्या रंगाचा रेणू एकदा लुकलुकून गप्प बसत नाही. विझतो, काही सेकंदांनी, कधी मिनिटभराने पुन्हा पेटतो. सॉफ्टवेअर दर वेळी नवा बिंदू टाकतं, तोही जरा सरकलेला. अचूकता १० नॅनोमीटर धरली तर एकट्या रेणूचा २५ नॅनोमीटर रुंद, गोल, देखणा पुंजका तयार. त्यात एका सेकंडरीवर (रंग वाहणाऱ्या अँटिबॉडीवर) अनेकदा दोन-तीन रंगरेणू, आणि एका प्रायमरीवर (प्रथिनाला चिकटणाऱ्या अँटिबॉडीवर) एकाहून जास्त सेकंडरी. "लागोपाठच्या फ्रेममधले बिंदू एकत्र कर, झालं," असं सांगणारे सीनियर भेटतील. ऐकू नका. मिनिटभराने परतलेला रेणू त्या चाळणीत अडकतच नाही.

उपाय कंटाळवाणा आहे. तीच अँटिबॉडी अगदी विरळ करून रिकाम्या कव्हरस्लिपवर चिकटवा. बफर तोच, लेझर तेवढाच, फ्रेमही तेवढ्याच. सुट्या ठिपक्यात किती बिंदू पडतात ते मोजा. समजा १५ पडले, तर स्पाइनमधला १५ बिंदूंचा पुंजका ही एक अँटिबॉडी असू शकते. त्याला नॅनोडोमेन म्हणू नका. डीबीस्कॅनची (जवळचे बिंदू पुंजक्यांत बांधणाऱ्या अल्गोरिदमची) त्रिज्या आणि किमान बिंदू यावरूनच ठरवा. आयते आकडे ठेवले की पुंजके हमखास सापडतात, तीच तर गोम आहे. गाइडला आधी चित्र हवं असेल तर त्याला दोन दिवस थांबवा. घाबरू नका, पीएसडी-९५ चे खरे पुंजके या चाळणीतूनही उरतात.

बफर ग्लुकोज ऑक्सिडेजमुळे आम्लधर्मी होत जातो आणि लुकलुक बिघडते. दोनेक तासांनी बदला. अँपा रिसेप्टर नुसत्या ४ टक्के पीएफएने (पॅराफॉर्मल्डिहाइड, पेशी जखडणारं रसायन) पुरते जखडत नाहीत, दोन हातांची अँटिबॉडी त्यांना ओढून खोटे पुंजके करते. सोबत ०.१-०.२ टक्के ग्लुटाराल्डिहाइड घाला, पण अँटिबॉडी त्यानंतरही बसते का ते आधी बघा. मग ग्लुटाराल्डिहाइडची चमक मारायला ताजं सोडियम बोरोहायड्राइड, नाहीतर सगळी पेशीच चमकते.

बाजूने दिसणारी पीएसडी पट्टीसारखी येते, पुंजके एकमेकांवर पडून संख्या कमी भरते. अशा पट्ट्या मोजणीतून काढा, किंवा सिलिंड्रिकल लेन्स लावून थ्रीडीत घ्या.