वाळवंटातील जुन्या तांब्याच्या खाणींचे अवशेष कसे पाहावेत

वेरूळ, पितळखोरा, धाराशिवची लेणी आणि देवगिरीच्या किल्ल्यातील अंधारी पाहत मोठ्या झालेल्या मराठवाड्यातील माणसाला डोंगराच्या पोटात शिरण्याचे भय फारसे वाटत नाही. मात्र ती कामे कठीण बेसाल्टमध्ये, माणसांनी तिथे वावरावे म्हणून कोरलेली आहेत. राजस्थानच्या शेखावाटीत, थरच्या वाळवंटाच्या कडेला असलेल्या तांब्याच्या जुन्या खाणी थराथरांच्या, भेगाळलेल्या खडकांतून धातुकाच्या, म्हणजे ज्यातून धातू काढतात त्या दगडाच्या, शिरेमागे वेड्यावाकड्या पोखरत नेलेल्या असतात. म्हणून पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, अशा खाणीच्या तोंडातून आत पाऊल टाकायचे नाही. जे पाहायचे ते बाहेरून पाहायचे, आणि बाहेरही पाहण्यासारखे पुष्कळ असते.

खेतडीचा ताम्रपट्टा झुंझुनू जिल्ह्यातील सिंघाणा ते सीकर जिल्ह्यातील रघुनाथगड असा सुमारे 80 किलोमीटर पसरलेला आहे. याच परिसरात नीम का थानाजवळच्या गणेश्वर येथे बाणाग्रे, गळ, बांगड्या अशा तांब्याच्या शेकडो वस्तू उत्खननात मिळाल्या असून त्या इसवी सनपूर्व तिसऱ्या सहस्रकापर्यंत मागे जातात. खेतडी आणि कोलिहान या हिंदुस्थान कॉपरच्या खाणी चालू खाणी आहेत; तिथे परवानगीशिवाय जाता येत नाही.

नांदेड, परभणी, जालना किंवा छत्रपती संभाजीनगरहून सचखंड एक्सप्रेसने दिल्ली गाठून पुढे रस्त्याने जाणे सोयीचे पडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ निवडावा. आपल्याकडची थंडी गृहीत धरून पातळ कपड्यांवर निघू नये, कारण शेखावाटीत जानेवारीतील पहाटे पारा शून्याच्या आसपास उतरतो आणि दुपारी ऊन चांगलेच लागते. दिवसभरासाठी प्रत्येकी किमान चार लिटर पाणी, घोट्याच्या वर येणारे जाड तळव्याचे बूट आणि काठी सोबत असावी.

पोहोचल्यावर लगेच चढायला लागू नये. आधी गावात जाऊन ‘राम राम’ करावा, वडीलधाऱ्या माणसाला किंवा गुराख्याला विचारावे आणि शक्य असल्यास त्यालाच वाटाड्या म्हणून योग्य मोबदला देऊन सोबत घ्यावे. झुडपाआड कोणते भोक लपले आहे हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. जमीन कोणाच्या ताब्यात आहे, याचीही चौकशी तेव्हाच करावी.

मग डोंगर दुरून वाचावा. गंजलेल्या लोखंडासारखा तांबूस-तपकिरी पट्टा हा धातुकाच्या शिरेचा वरचा, हवापाण्याने कुजलेला भाग असू शकतो. त्याच्याजवळ खडकावर हिरवी पुटे दिसली तर ती बहुधा मॅलकाइट या तांब्याच्या खनिजाची, निळी दिसली तर अझुराइट या दुसऱ्या ताम्रखनिजाची. पायथ्याशी भट्टीतून निघालेल्या मळीचे काळे ढीग असतात आणि माझ्या मते सगळ्या अवशेषांत सर्वाधिक बोलका ऐवज हाच आहे. एखादा तुकडा निरखून पाहावा: एका अंगाला पातळ रस वाहता वाहता थिजल्याच्या सुरकुत्या, तुटलेल्या कडेला काचेसारखी चकाकी, मध्ये वायूचे बारीक बुडबुडे, आणि तांबे सुटता सुटता राहून गेले तिथे हिरवा ठिपका. कडा धारदार असतात, म्हणून हातमोजे घालावेत आणि पाहून झाल्यावर तुकडा जागेवरच ठेवावा. शंभर वर्षांहून जुन्या मानवनिर्मित वस्तूंना 1972 चा पुरावस्तू कायदा लागू होतो. शिवाय तुकडा जागेवरून हलला की भट्टी कुठे होती याचा पुरावाही नाहीसा होतो.

उभ्या खाणविहिरीच्या काठाची जमीन आतून पोकळ असते, त्यामुळे काठावर उभे राहून डोकावू नये आणि जुन्या फळ्यांवर किंवा पत्र्यावर पाय देऊ नये. आडव्या बोगद्यातील हवा तर दिसतही नाही. गंधकयुक्त खनिजे ओलाव्यात हवेतील ऑक्सिजन शोषून घेतात. हवेत साधारण 21 टक्के असणारा ऑक्सिजन 10 टक्क्यांखाली गेला की माणूस धाप लागण्याचीही वाट न पाहता शुद्ध हरपू शकतो. जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहण्याची आपल्याकडची रीत इथे पुरेशी नाही, कारण कंदील तेवत असला तरी कार्बन मोनॉक्साइडचा पत्ता लागत नाही. सुरुंगाच्या जुन्या नळ्या किंवा वायरी दिसल्यास हात न लावता मागे फिरावे आणि पोलिसांना कळवावे. फुरसे आपल्या ओळखीचेच आहे. ते दगडांच्या सांदीत असते, म्हणून न पाहता हात घालू नये. कपारीत आग्या मोहोळ असेल तर त्या बाजूला फिरकूच नये.

एकट्याने जाऊ नये. मुक्कामाच्या ठिकाणी परतण्याची वेळ सांगून ठेवावी, आणि त्या वेळेनंतर तासाभरात निरोप आला नाही तर 112 वर फोन करावा, असेही तिथल्या माणसाला स्पष्ट सांगावे. खाणीजवळचे साचलेले पाणी कितीही नितळ दिसले तरी आम्ल आणि धातूंनी दूषित असू शकते, तेव्हा ते प्यायचे नाही. परतल्यावर जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत आणि धुळीचे बूट-कपडे वेगळ्या पिशवीत बांधावेत.