दोनदा जेवायचं की दर दोन तासांनी? डाएटची तुलना अशी करावी

2018 च्या सुमारास महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांसारखे आमच्याही घरात दोन पक्ष पडले. काका डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या बाजूचे. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत आटपायचं, अधेमधे पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा आणि रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. वहिनी ऋजुता दिवेकरांच्या बाजूच्या. थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, घरचं आणि हंगामातलं खायचं, तूप-भाताला घाबरायचं नाही. जेवणाच्या टेबलावर वाद रंगायचे आणि गंमत अशी, की वजन दोघांचंही उतरलं.

कारण शोधायला फार खोल जावं लागलं नाही. काकांचं चार वाजताचं फरसाण बंद झालं होतं. वहिनी पूर्वी दिवसभर उपाशीपोटी राबून रात्री दहाला ताटभर जेवायच्या, ते थांबलं होतं. म्हणजे डाएटची तुलना करायची तर डाएटपासून नाही, आपल्या ताटापासून सुरुवात करावी लागते.

1. आधी आठवडाभर नुसतं लिहा

काहीही न बदलता सात दिवस खाल्लेलं सगळं वहीत उतरवा. चहाचे कप, साखरेचे चमचे, ऑफिसातल्या वाढदिवसाचा केक, मुलांच्या ताटात उरलेला घास, सगळं. सकाळी शौचानंतर, चहाआधी वजन करा आणि कंबर मोजा. भारतीयांसाठी पुरुषांची कंबर 90 सेंमी आणि स्त्रियांची 80 सेंमीच्या वर गेली, की जोखीम वाढली असं धरतात. वजनकाट्यापेक्षा माझा टेपवर जास्त विश्वास आहे.

तेलाचा हिशेब मात्र महिन्याचा करा. आमच्याकडे चौघांत पाच लिटरचा कॅन महिन्यात संपायचा. भागाकार केला तर माणशी रोज 40 मिलिच्या वर, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी नुसत्या फोडणीतून आणि तळणीतून. भाकरी एक खावी की दोन, यावर आम्ही भांडत होतो आणि कॅनकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

2. प्रत्येक डाएटला एकच प्रश्न विचारा: माझ्या ताटातलं काय जाणार?

वही शेजारी ठेवा आणि एकेक पद्धत लावून बघा.

दोन जेवणं किंवा सोळा तास उपास: वहीत अधलंमधलं खाणं आणि रात्रीचा टीव्हीसमोरचा चिवडा जास्त असेल तर हे नेमकं तिथेच कात्री लावतं. मोजमापाची कटकट नाही, हा मोठा फायदा. पण घड्याळात जादू नाही. चीनमधल्या ग्वांगझू इथे 139 जणांवर वर्षभर झालेला एक अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने कॅलरी कमी करून सकाळी 8 ते दुपारी 4 एवढ्याच वेळात खाल्लं, दुसऱ्याने नुसत्या कॅलरी कमी केल्या. वजनात लक्षणीय फरक निघाला नाही.

दर दोन-तीन तासांनी: ज्यांना भूक मारून मग तुटून पडायची सवय आहे, त्यांच्यासाठी बरं. मात्र ‘थोडं’ म्हणजे मूठभर चणे. वाटीभर शेव नव्हे.

कीटो: दिवसाला साधारण 20 ते 50 ग्रॅम कर्बोदकं. एका मोठ्या ज्वारीच्या भाकरीतच 40 ग्रॅमच्या आसपास असतात, म्हणजे भाकरी, भात, पोळी, फळं आणि बहुतेक डाळी बाद. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरतात आणि माणूस हवेत जातो. त्यातलं बरंचसं पाणी असतं. शरीरातल्या साठवणीच्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, एका ग्रॅमसोबत जवळपास तीन ग्रॅम पाणी असतं. साठा संपला की ते निघून जातं आणि दोन दिवस भात खाल्ला की परत येतं.

कमी स्निग्ध पदार्थांचा आहार: तेलाच्या कॅनचा हिशेब आमच्यासारखा आला असेल तर इथे सहज कपात होते.

सूप, कोबी, फळांचे सात दिवस वगैरे प्रकार मी तुलनेतच घेत नाही. आठव्या दिवशी काय खायचं, हे ते सांगत नाहीत.

कर्बोदकं कमी की स्निग्ध कमी, यावर स्टॅनफर्डमध्ये 609 जणांचा वर्षभराचा अभ्यास झाला, 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी घट 6 किलो आणि 5.3 किलो, म्हणजे जवळपास बरोबरी. पण दोन्ही गटांत कुणी वीस-पंचवीस किलोंनी उतरलं, तर कुणाचं वाढलं. त्याआधी 2005 मध्ये 160 जणांवर चार डाएट तपासली गेली तेव्हा दिसलं, की ज्याने आपली पद्धत जास्त पाळली त्याचं वजन जास्त उतरलं, मग पद्धत कुठलीही असो.

3. प्रथिनं मोजा

इथे बहुतेक डाएट आपल्या घरात लंगडी पडतात. प्रौढ माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 60 किलो वजनाला 50 ग्रॅम. वजन उतरवताना थोडी जास्तच बरी, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. शाकाहारी माणूस दोनदाच जेवणार असेल तर एका जेवणात 25 ग्रॅम बसवावी लागतात: दोन भाकऱ्या, मटकीच्या उसळीची भरलेली वाटी आणि वाटीभर घट्ट दही घेतलं की जेमतेम जमतं. वरण-भात आणि बटाट्याच्या भाजीवर जमत नाही. साबुदाणा खिचडीत जी काही प्रथिनं असतात, ती शेंगदाण्याच्या कुटाची.

4. कालनिर्णय उघडा

पुढचे तीन महिने बघा. श्रावणातले उपास, गणपतीचे मोदक, लग्नसराई, रात्रपाळी. ज्या दिवशी डाएट मोडणार हे आत्ताच दिसतंय, त्या दिवसांवर खूण करा. खुणा फार झाल्या तर ती पद्धत तुमची नाही. आणखी एक: स्वयंपाक कोण करतं? एकासाठी वेगळं पनीर, बाकीच्यांसाठी पोळी-भाजी, हे ज्या बाईला दोनदा रांधावं लागणार तिला आधी विचारा.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपास किंवा कीटो डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरू करू नका. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते आणि काही गोळ्यांबरोबर कीटो केल्यास रक्तात आम्ल साचू शकतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुलं आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी या तुलनेत पडूच नये.

5. एकच निवडा आणि बारा आठवडे द्या

पहिले दोन आठवडे हिशेबात धरू नका, ते पाण्याचे. पुढे रोजचं वजन लिहून आठवड्याची सरासरी काढा आणि कंबर पंधरा दिवसांनी मोजा. किलोभर चरबीत अंदाजे 7700 कॅलरी असतात, त्यामुळे रोज 500 कमी केल्या तर आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास घट अपेक्षित आहे. चार आठवडे सरासरी आणि टेप दोन्ही हलले नाहीत, तर नवं डाएट शोधण्याआधी वही पुन्हा सात दिवस लिहा. आमच्या काकांच्या वहीत दुसऱ्यांदा ‘ताक’ म्हणून जे सापडलं, ती साखर घातलेली लस्सी होती.