रॉक क्रॉलरला नवे सुटे भाग बसवताना

रॉक क्रॉलर म्हणजे दगडांवर हळूहळू चढणारी, रिमोटने चालवायची छोटी मॉडेल गाडी. हा क्रॉलर चढावर मागे कोलमडू लागला की बहुतेकांचा पहिला विचार मोटर बदलण्याचा असतो. प्रत्यक्षात तीव्र चढावर पुढची चाके हलकी होऊन उचलली जातात, आणि अशा वेळी मोटरची ताकद वाढवली तर गाडी अधिक जोराने उलटते. म्हणून माझा ठाम आग्रह असा आहे की आधी टायर, मग ॲक्सलवरचे वजन, त्यानंतर स्टीअरिंगचा सर्व्हो (चाके वळवणारी छोटी मोटर), पुढे लिंक (ॲक्सलला चासीशी जोडणारे दांडे) व शॉक, आणि मोटर अगदी शेवटी, या क्रमाने काम करावे. एका वेळी एकच भाग बदलावा आणि ओळखीच्या त्याच दगडावर गाडी चालवून पाहावी. चार भाग एकदम बसवले तर कोणत्या भागाने फायदा झाला आणि कोणत्याने घोटाळा केला, हे कधीच समजत नाही.

भाग विकत घेण्यापूर्वी गाडीचे मॉडेल आणि पिढी नीट तपासावी. ॲक्सिअल एससीएक्स१० च्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे ॲक्सल वेगवेगळे आहेत, तर ट्रॅक्सस टीआरएक्स-४ मध्ये चाकाजवळ जादा गिअर असलेला पोर्टल ॲक्सल येतो. त्यामुळे ‘१/१० क्रॉलरसाठी’ (म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराच्या मॉडेलसाठी) एवढेच लिहिलेले नकल (ॲक्सलच्या टोकाचा, चाकासह वळणारा भाग) किंवा डिफ कव्हर (डिफरन्शिअलचे झाकण) आपल्या गाडीला बसेलच असे नाही. चाकांच्या बाबतीत मात्र बरीच एकवाक्यता आहे : या आकाराच्या गाड्यांत १२ मिमीचा षट्कोनी हब आणि १.९ इंची रिम सर्रास आढळते.

अवजारांत १.५, २ आणि २.५ मिमीचे चांगल्या पोलादाचे हेक्स ड्रायव्हर आणि चाकाच्या नटासाठी ७ मिमीचा नट ड्रायव्हर पुरेसा होतो. भागांबरोबर फुकट येणारी वाकडी ॲलन की वापरू नये. तिच्या झिजलेल्या टोकाने स्क्रूचे डोके गोल होते आणि मग तो स्क्रू काढण्यातच संध्याकाळ जाते.

खरी काळजी आट्यांची घ्यावी लागते. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू परत बसवताना तो आधी हलकेच उलटा फिरवावा; जुन्या आट्यांत तो ‘टक’ करून उतरल्याचे बोटांना जाणवते, आणि त्यानंतरच तो सुलटा आवळावा. थेट आवळल्यास स्क्रू शेजारी नवे आटे पाडतो, आणि असे दोन-तीनदा झाले की भोक निकामी होते. थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) फक्त धातूत जाणाऱ्या धातूच्या स्क्रूला लावावे, तेही निळे, मध्यम पकडीचे आणि एका थेंबाहून कमी. त्याआधी दोन्हीकडचे आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत, कारण नव्या पितळी भागांवर यंत्रातले तेल राहिलेले असते आणि तेलकट आट्यांवर ते नीट धरत नाही. प्लॅस्टिकला थ्रेडलॉक लागू देऊ नये. काही प्लॅस्टिक त्याने तडकतात. ज्या नटात नायलॉनचे कडे असते, त्याला थ्रेडलॉकची गरजच नसते.

टायर बदलताना बीडलॉक रिम (स्क्रूने आवळलेल्या कड्याने टायर धरून ठेवणारी) घेतली, तर गोंदाचा प्रश्न राहत नाही. टायरची कड रिमच्या खाचेत सर्व बाजूंनी बसली आहे याची खात्री करून स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळावेत. एकाच बाजूने आवळत गेल्यास कडे तिरके बसते आणि टायर डगमगतो. क्रॉलरच्या टायरला हवेऐवजी आतला फोम आधार देतो, आणि तो इतका मऊ हवा की गाडीच्या वजनाने टायर दगडावर पसरला पाहिजे. रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक हबपासून किती बाहेर येते, हेही पाहावे. चाक जितके बाहेर निघते तितकी गाडी रुंद व स्थिर होते हे खरे, परंतु वळताना ते मोठ्या वर्तुळात फिरते, बॉडीला घासते आणि सर्व्होवरचा ताण वाढवते.

वजनासाठी पितळी नकल, डिफ कव्हर किंवा हबवर बसणारी पितळी कडी वापरतात. हे वजन शॉकच्या खाली, ॲक्सलवरच पडते, म्हणून गुरुत्वमध्य खाली येतो; छतावर सामानाचा रॅक लावून तो पुन्हा वर नेण्याचा मोह टाळावा. सुरुवात फक्त पुढच्या ॲक्सलपासून करावी. मागेही तितकेच वजन चढवले तर पुढच्या वजनाचा चढावरचा लाभ बराचसा जातो. चाकाबरोबर फिरणारे वजन ड्राइव्हशाफ्ट आणि गिअरवर अधिक भार टाकते, म्हणून ते जपून वाढवावे.

वजन वाढले की मूळ सर्व्हो दगडांत अडकलेली चाके वळवू शकत नाही. धातूचे गिअर असलेला, २५ किलो-सेंटिमीटरच्या आसपास बळाचा सर्व्हो घ्यावा. मात्र तो आकडा कोणत्या व्होल्टेजचा आहे हे पाहावे, कारण ७.४ व्होल्टला मिळणारे बळ ६ व्होल्टवर मिळत नाही. स्पीड कंट्रोलरमधील (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या भागातील) बीईसी, म्हणजे रिसीव्हर व सर्व्होला वीज पुरवणारे सर्किट, पुरेसा प्रवाह देऊ शकला नाही तर जोर लागताच रिसीव्हर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि हा दोष अनेकजण रेडिओच्या माथी मारतात. अशा वेळी स्वतंत्र बीईसी लावणे हाच उपाय आहे. सर्व्हो हॉर्नचे (सर्व्होच्या शाफ्टवर बसणाऱ्या छोट्या दांड्याचे) दातेही जुळले पाहिजेत; २५ दात्यांचा हॉर्न २३ दात्यांच्या शाफ्टवर दाबून बसवू नये. हॉर्न लावण्यापूर्वी गाडी स्टँडवर ठेवावी, ट्रान्समीटरचा ट्रिम (स्टीअरिंगचा मध्य सरकवणारी सेटिंग) शून्यावर आणावा, सर्व्हो चालू करून मध्यावर येऊ द्यावा आणि मगच हॉर्न स्टीअरिंगच्या दुव्याशी काटकोनात बसवावा. शेवटी एंडपॉइंट (सर्व्हो दोन्ही बाजूंना किती फिरेल याची मर्यादा) कमी ठेवून हळूहळू वाढवावेत आणि चाके टोकाला पोहोचताच थांबावे. तिथे सर्व्हो गुणगुणत असेल, तर तो अडथळ्याविरुद्ध सतत जोर लावत आहे असे समजावे. तसाच सोडल्यास तो जळतो.

धातूच्या लिंक घेतल्या तर प्रत्येक लिंकची लांबी जुन्या लिंकशी मोजून जुळवावी, कारण वरची लिंक थोडी जरी आखूड झाली तरी ॲक्सल फिरतो आणि ड्राइव्हशाफ्टचा कोन बिघडतो.

मोटर बदलायचीच असेल, तर ब्रश मोटरमध्ये टर्न्सचा (तारेच्या वेढ्यांचा) आकडा मोठा म्हणजे वेग कमी आणि हाताळणी शांत, हे लक्षात ठेवावे. म्हणून ३५ पेक्षा ५५ टर्न्सची मोटर दगडांत अधिक संयमाने चालते. पिनियनचा (मोटरच्या शाफ्टवरील छोट्या गिअरचा) ग्रब स्क्रू, म्हणजे डोके नसलेला छोटा स्क्रू, मोटरच्या शाफ्टवरील सपाट भागावरच यावा. पिनियन आणि त्याला जुळणारा मोठा स्पर गिअर यांच्यामध्ये कागदाची अरुंद पट्टी घालून मोटर सरकवावी, स्क्रू आवळावेत आणि पट्टी फिरवून बाहेर काढावी. ती दुमडलेली पण न फाटलेली निघाली, तर दात्यांमधले अंतर योग्य आहे. पहिली बॅटरी संपल्यावर चाकांचे नट, बीडलॉकचे स्क्रू आणि हा ग्रब स्क्रू पुन्हा एकदा तपासावा.