सेकंडहँड टॅकोमा घेताय? मॉडेल-वर्षाआधी इंजिन ठरवा

अमेरिकेत कुणी जुना पिकअप शोधायला लागलं की टोयोटा टॅकोमाचं नाव निघतंच. १९९५ पासून तिच्या चार पिढ्या झाल्या. जाहिरातीत लोक वर्ष आणि मैल बघतात, पण गाडी तुमच्या कामाची आहे का, हे बॉनेटखाली ठरतं.

आधी गरज ठरवा. मागे ट्रेलर किंवा बोट ओढायची आहे का? डोंगरात जाणं होतं का? रोज फक्त ऑफिस आणि महिन्यातून एकदा लाकूड-सिमेंट आणायचं असेल, तर चार सिलिंडरचं २.७ लिटर इंजिन पुरतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीत ते जवळपास तसंच राहिलं: सुमारे १५९ हॉर्सपॉवर, ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंड. मात्र पेट्रोल वाचेल म्हणून ते घेऊ नका. तिसऱ्या पिढीत फोर-व्हील-ड्राइव्ह ऑटोमॅटिक घेतली, तर चार सिलिंडर काय आणि व्ही-सिक्स (सहा सिलिंडरचं मोठं इंजिन) काय, सरासरी गॅलनला २० मैलांच्या आसपासच मिळते. लहान इंजिनाला तेवढीच जड गाडी हलवताना जास्त राबावं लागतं.

मग पिढी ओळखा. व्हिन क्रमांकातलं (गाडीच्या ओळख क्रमांकातलं) दहावं अक्षर मॉडेल-वर्ष सांगतं. बॉनेटखालच्या उत्सर्जनाच्या स्टिकरवर इंजिन किती लिटरचं ते छापलेलं असतं. विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा स्टिकरवर विश्वास ठेवा.

पहिल्या पिढीत (२००४ पर्यंत) २.४ आणि २.७ लिटरची चार सिलिंडरची इंजिनं होती, आणि १९० हॉर्सपॉवरचं ३.४ लिटर व्ही-सिक्स. हे व्ही-सिक्स दणकट आहे, पण त्यात टायमिंग बेल्ट (इंजिनातले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) आहे. तो ९०,००० मैलांना बदलावा लागतो. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालतो, म्हणून दोन्ही एकदम बदलल्याची पावती मागा. पावती नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

माझं मत विचाराल तर बहुतेकांनी दुसऱ्या पिढीतलं (२००५ ते २०१५) ४.० लिटर व्ही-सिक्स शोधावं. बेल्टऐवजी चेन, २३६ हॉर्सपॉवर, आणि टॉर्कचा (फिरवण्याच्या ताकदीचा) जोर ४,००० आरपीएमलाच (मिनिटाला इंजिनाचे फेरे) पूर्ण मिळतो. टो पॅकेज (ट्रेलर ओढण्यासाठीची जादा सामग्री) असेल तर ६,५०० पौंडांपर्यंत ओढते. तिसऱ्या पिढीतलं, २०१६ पासूनचं ३.५ लिटर व्ही-सिक्स कागदावर सरस, २७८ हॉर्सपॉवरचं. पण टॉर्क तेवढाच, आणि तोही ४,६०० आरपीएमला. चढावर गिअरबॉक्स सारखा खालच्या गिअरला येतो. हायवेवर मात्र ते कमी पितं. म्हणून ट्रायल घेताना सपाट रस्त्यावर समाधान मानू नका, चढ शोधा.

२०२४ पासून, चौथ्या पिढीत, व्ही-सिक्स गेलं. आता २.४ लिटर टर्बो आहे: एसआर या सर्वांत साध्या ट्रिमला (प्रकाराला) २२८ हॉर्सपॉवर, इतर ऑटोमॅटिकना २७८. हायब्रिडला ३२६ हॉर्सपॉवर आणि ४६५ पौंड-फूट टॉर्क मिळतो. ओढण्याचं काम रोजचं असेल तर हायब्रिडच्या जोराला तोड नाही, पण जुन्या व्ही-सिक्सनी लाखो मैलांची जी परीक्षा दिली आहे, ती याला अजून द्यायची आहे.

इंजिन पसंत पडलं तरी सौदा करण्याआधी गाडीखाली झोपा. ओहायो, मिशिगन, न्यूयॉर्कसारख्या हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांत चेसी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) गंजते. २००५ ते २०१० च्या टॅकोमांसाठी टोयोटाला २०१६ मध्ये या गंजावरच्या खटल्यात मोठी तडजोड करावी लागली. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांजवळ चेसीवर हातोडीने ठोका. आवाज भरीव आला पाहिजे, पापुद्रे सुटता कामा नयेत. आणि विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की इंजिन थंडच ठेव, पहिला स्टार्ट मी मारेन.