आरोग्य परवान्याचं शुल्क ठरवताना या चुका टाळा

पालिकेच्या आरोग्य खात्यात दर तीन-चार वर्षांनी एक टिपणी फिरते: ‘हॉटेल, खानावळ, मिठाई दुकान यांच्या परवाना शुल्कात 10 टक्के वाढ प्रस्तावित.’ मूळ दर कशावरून ठरला होता, ते फाइलमध्ये सापडत नाही. अशी एक फाइल मी उलटी चाळत गेलो. तळाशी टंकलिखित कागदावर दर होता, हिशेब नव्हता. एका जुन्या अंदाजावर आम्ही चक्रवाढ व्याज लावत आलो होतो.

पगार भागिले काय?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. समजा, एका स्वच्छता निरीक्षकाचा पगार, भत्ते धरून पालिकेला महिन्याला 60,000 रुपये खर्च येतो, म्हणजे वर्षाला 7,20,000. कुणीतरी त्याला 365 दिवस गुणिले 8 तासांनी भागतो आणि तासाला 247 रुपये काढतो. पण रविवार, सण, रजा, प्रशिक्षण वजा केलं की हातात 220 दिवस उरतात, म्हणजे 1,760 तास. खरा दर 409 रुपये.

याच्या उलटही होतं. निरीक्षकाचा अर्धा दिवस सफाई कामगारांच्या हजेरीत आणि कचऱ्याच्या गाड्यांमागे जातो, म्हणून कुणी 880 तासांनी भागून 818 रुपये लावतो. मग झाडलोटीचा खर्च हॉटेलवाल्याच्या माथी बसतो, आणि तो तर मालमत्ता करात आधीच सफाईचे पैसे भरून बसलेला असतो. हजेरीचे तास सफाईच्या लेखाशीर्षावर, म्हणजे अंदाजपत्रकातल्या सफाईच्या खात्यावर टाका, दर 409 च धरा.

आता एका खानावळीला जाणं-येणं, तपासणी आणि अहवाल मिळून 2 तास लागले तर 409 च्या दरानं 818 रुपये झाले. त्यात लिपिकाचा वेळ आणि गाडीचा खर्च मिळवा. हा आकडा महासभेत कुणी विचारला तर सांगता येतो.

नुसतं क्षेत्रफळ

चौरस फूट मोजायला सोपे, म्हणून दरपत्रक त्यावरच बेतलं जातं. पण 800 फुटांच्या बेकरीत बंद पाकिटंच विकली जात असतील आणि शेजारच्या 150 फुटांच्या गाळ्यात चिकन रोल बनत असतील, तर निरीक्षकाचा वेळ कुठे जाणार? पाणी बोअरचं आहे का, धुण्याची मोरी आणि मांस कापायची जागा एकच आहे का, मागच्या वेळी काय निघालं होतं, यावर वर्षाच्या फेऱ्या ठरवा. शुल्क फेऱ्यांवर ठरू द्या. फेरतपासणीची पहिली फेरी शुल्कात धरा, दुसरीपासून वेगळे पैसे घ्या. नाहीतर नीट वागणारा दुकानदार दुसऱ्याच्या ढिसाळपणाचे पैसे भरतो.

दुसऱ्याच्या कामाचे पैसे

अन्नसुरक्षा कायदा 2006 चा, त्याखालची परवाना पद्धत 5 ऑगस्ट 2011 पासून सुरू झाली. महाराष्ट्रात ते काम अन्न व औषध प्रशासन बघतं. 2011 च्या नियमांत छोट्या विक्रेत्याची नोंदणी वर्षाला 100 रुपयांत ठेवली होती. पालिकेचा व्यवसाय परवाना वेगळा: मुंबईत 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाचं कलम 394, इतर महापालिकांत 1949 च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं 376. त्यामुळे पालिकेनं आपल्या टिपणीत गटार, धूर, साठा, जागेची स्वच्छता असं लिहावं. भेसळ तपासणीचा खर्च त्यात घातलात की हॉटेलवाल्यांचा वकील त्याच ओळीवर बोट ठेवणार.

‘कोर्टानं सांगितलंय ना!’

हॉटेलवाले आणि पालिका, दोन्ही बाजू हे वाक्य अर्धवट वापरतात. कर्नाटकातल्या शिरूर मठाच्या 1954 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं कर आणि शुल्क यांतला फरक मांडला: शुल्काच्या बदल्यात काही सेवा हवी. त्यावरून रुपयाला रुपया जुळलाच पाहिजे, असा समज पसरला. 1999 मध्ये सिकंदराबाद-हैदराबादच्या हॉटेलमालकांची संघटना हैदराबाद महापालिकेविरुद्ध लढली, तेव्हा न्यायालयानं स्पष्ट केलं की नियमनासाठीच्या परवाना शुल्काला सेवेची अशी मोजणी लागत नाही. मात्र शुल्क अवाजवी नसावं. मग हिशेब कशाला, असं अधिकारी विचारतात. अवाजवी नाही हे दाखवायला दुसरं काय आहे तुमच्याकडे?

क्रम चुकला की सगळं चुकलं

1949 च्या अधिनियमाच्या कलम 386 प्रमाणे दर आयुक्त ठरवतात, पण महापालिकेच्या मंजुरीनं. ठरावाआधी वसुली सुरू केली तर पावत्या परत करायची वेळ येते. 2022 नंतर अनेक महापालिकांवर प्रशासक होते. प्रस्ताव आणि मंजुरी एकाच सहीनं निघत होते. अशा काळातल्या फाइलला हिशेबाचं परिशिष्ट जोडलेलं आहे का, ते आधी बघा. नसेल तर पुढच्या नूतनीकरणाआधी जोडा.

आणि ठराव झाल्यावर काउंटरवरच्या संगणकातला दर बदलला का, हे स्वतः एक पावती फाडून तपासा. नवा दर ठरावात आणि जुना पावतीवर, असे दोन महिने एका नगरपालिकेत मी पाहिले आहेत. फरकाच्या नोटिसा पोहोचल्यावर काउंटरवर जी गर्दी झाली, तिला तोंड द्यायला एक लिपिक आणि एक मोडका पंखा होता.