फक्त ट्रॅफिकमध्येच गाडी हीट होते? मग आधी फॅन बघा

हायवेला तासन् तास पळवा, टेंपरेचरचा काटा जागचा हलत नाही, आणि ट्रॅफिकमध्ये पंधरा मिनिटं रांगत गेलं की तोच काटा वर वर जायला लागतो. तुमच्या गाडीचं असं होत असेल तर अर्धं निदान तिथेच झालं. गाडी स्पीडला असते तेव्हा समोरून येणारी हवाच रेडिएटर (इंजिनचं गरम कूलंट थंड करणारी जाळी) थंड करते, त्याच्या फॅनची गरज फारशी पडत नाही. गाडी उभी राहिली की सगळा भार फॅनवर. म्हणून स्लो स्पीडला हीट होणारी गाडी म्हणजे पहिला संशय फॅनवरच घ्यायचा, थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारा व्हॉल्व्ह), वॉटर पंप (कूलंट फिरवणारा पंप) वगैरे नंतर.

हे इतकं ठासून सांगतोय कारण माझ्या गाडीचं असंच झालं होतं. आधी थर्मोस्टॅट बदलला, मग रेडिएटर उतरवून साफ करून घेतला, तरी ट्रॅफिकमध्ये काटा वरच, आणि शेवटी निघालं काय तर फॅनच्या रिलेचे (फॅनला करंट देणाऱ्या विजेच्या स्विचचे) पॉइंट जळालेले, म्हणजे दोन मिनिटांचं काम.

रस्त्यात काटा चढायला लागला तर एसी बंद करा आणि हीटर फुल गरमवर, ब्लोअर पण फुल. आत भट्टी होईल पण हीटरची जाळी म्हणजे छोटा रेडिएटरच असतो, इंजिनची बरीच उष्णता तिकडून निघते. तरी काटा लालकडे गेलाच तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा, "अजून थोडंसंच राहिलंय" म्हणून दामटू नका, इंजिनचं ॲल्युमिनियमचं हेड (इंजिनचा वरचा भाग) एकदा वाकलं की खर्च कुठल्या कुठे जातो. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही म्हणजे नाही. आत प्रेशर असतं, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) १०० डिग्रीच्या वर असूनही उकळत नसतं, झाकण सैल केलं की एकदम उकळून अंगावर येतं. भाजलेली माणसं बघितलीत मी. अर्धा-पाऊण तास तरी थांबा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी पण ओतू नका, क्रॅक जाऊ शकतो.

गाडी पूर्ण थंड झाली की आधी कूलंटची लेव्हल बघा. कमी असेल तर नुसतं भरून मोकळं होऊ नका, ते गेलं कुठे ते शोधा, होसचे जॉइंट, रेडिएटरची खालची बाजू, वॉटर पंपाखाली ओघळ.

आता फॅन. इंजिन चालू करून एसी लावा, बहुतेक गाड्यांत लगेच किंवा थोड्या सेकंदांत फॅन फिरायला लागतो. मग एसी बंद करून आयडलला (उभ्या गाडीत, ॲक्सिलरेटर न दाबता) ठेवा, साधारण ९५ ते १०५ डिग्रीच्या दरम्यान तो आपोआप चालू व्हायला हवा. एसीवर फिरतो पण टेंपरेचरवर फिरत नाही, म्हणजे मोटर ठीक आहे, कूलंट सेन्सर किंवा थर्मोस्विच (ठरावीक तापमानाला फॅन चालू करणारा स्विच) बघा. बऱ्याच नवीन गाड्यांत सेन्सरचा कनेक्टर काढला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सेफ्टी म्हणून फॅन चालू करतो, ही टेस्ट फुकटात होते. दोन्हीवर फिरत नसेल तर आधी फ्युज, मग रिले (तिथेच त्याच नंबरचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून बघा), मग मोटरला फ्युज लावलेल्या वायरीने थेट १२ व्होल्ट देऊन बघा. फिरली तर दोष वायरिंगमध्ये, नाही फिरली तर मोटर गेली. दोन स्पीडच्या फॅनमध्ये लो स्पीडचा रेझिस्टर जळतो, मग काटा बराच वर गेल्यावर फॅन एकदम जोरात सुटतो, हे लक्षण लोकांच्या लक्षातच येत नाही. हात मात्र लांब ठेवा, इंजिन बंद असतानाही फॅन सुरू होऊ शकतो.

फॅन फिरतोय म्हणजे हवा ओढतोयच असं नाही. ग्रिलसमोर कागद धरा, आत चिकटला पाहिजे. मोटर बदलताना वायरी उलट्या लागल्या तर फॅन उलटा फिरतो आणि कागद बाहेर ढकलला जातो. फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर तुटलेलं असेल तरी हवा भलतीकडून ओढली जाते. फॅन बेल्टवर चालणारा असेल तर त्याचा व्हिस्कस क्लच (गरम झाल्यावर फॅनला इंजिनशी घट्ट जोडणारा भाग) बघा, इंजिन गरम असतानाही फॅन ढिला वाटला तर क्लच गेला. हे बघताना इंजिन बंद ठेवा.

फॅन ठणठणीत असेल तर रेडिएटरची जाळी बघा. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरसमोरची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ, किडे, चिखल यांचा थर बसतो आणि तो समोरून दिसतच नाही. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला साध्या पाइपने पाणी मारा, प्रेशर वॉशर नको, फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) वाकतात.

रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकण बदला, प्रेशर टिकलं नाही तर कूलंट लवकर उकळतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं, नळाचं पाणी नको, आत क्षार धरतात. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल तर गाडी हायवेलाही तापते, म्हणून त्याचा नंबर इतका मागे. वॉटर पंपाच्या आतला, कूलंट ढकलणारा पंखा झिजला असेल तर आयडलला तापते आणि रेस दिली की काटा थोडा उतरतो. आणि कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर किंवा ऑइल दुधाळ झालेलं दिसलं तर हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलं, मग गाडी चालवूच नका, उचलून न्या.

काम झाल्यावर कूलंट भरताना एअर लॉक (आत अडकलेली हवा) काढायला विसरू नका, ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर तो सैल करून, हीटर गरमवर ठेवून. मग गाडी आयडलला सोडा आणि फॅन आपोआप दोनदा चालू-बंद होईपर्यंत तिथेच उभे राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गार असताना लेव्हल परत एकदा बघा, एअर निघून गेल्यामुळे ती बऱ्याचदा थोडी उतरलेली असते, तेवढी भरून घ्या.